अर्ध्या वॅटचा आवाज

दोन वर्षांपूर्वी एका शिक्षक कार्यशाळेत जिल्हा परिषदेच्या शाळेतील एक बाई भेटल्या. चौथीच्या मुलांनी गावातल्या आजीबाईंच्या ओव्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून आणल्या होत्या. वर्गात ऐकवायला गेले, तर मोबाइलचा आवाज तिसऱ्या ओळीच्या पुढे जाईना. दिवसा वीज असण्याची खात्री नाही. म्हणून बाईंनी आणि एका माजी विद्यार्थ्याने मिळून एलएम ३८६ या छोट्या चिपवर एक अॅम्प्लिफायर जुळवला होता. चिप पन्नास रुपयांच्या आतली, सोबत चार-पाच कपॅसिटर आणि वीज पुरवायला सहा पेन्सिल सेल. बाईंचा प्रश्न एवढाच होता, "सर, याला स्पीकर कोणता घेऊ?"

मी पदार्थविज्ञानातला माणूस. न अडखळता सांगितले, "चांगला घ्या. रबरी कडेचा, जड मॅग्नेटचा चार इंची वूफर मिळतो, तो घ्या." बाईंनी घेतला. महिन्याभराने त्यांचा फोन आला. आवाज गोड आहे, पण मागच्या मुलांना ऐकूच येत नाही. "आणि सर, घरातल्या बंद रेडिओचा जुना स्पीकर काढून लावला तर शेवटच्या भिंतीपर्यंत ऐकू येतं. तो तर फाटायला आलाय. असं कसं?"

दोन्ही स्पीकर मागवून घेतले आणि प्रयोगशाळेत शेजारी शेजारी ठेवून मोजले. दोन्ही आठ ओहमचे, दोघांना सारखीच वीज दिलेली. जुना कागदी स्पीकर नव्यापेक्षा नऊ डेसिबलने मोठा वाजत होता. नऊ डेसिबल म्हणजे शक्तीच्या भाषेत आठपट. नव्या स्पीकरमधून जुन्याइतका आवाज काढायचा तर अर्ध्या वॅटच्या जागी चार वॅट लागणार. सहा पेन्सिल सेल आणि ती चिप चार वॅट कुठून देणार?

माझा सल्ला चुकला होता, हे उघडच होते. पण नवा स्पीकर वाईट होता असेही नाही. तो वेगळ्या काळासाठी बनलेला होता. हे समजून घ्यायचे तर स्पीकरच्या इतिहासात थोडे मागे जावे लागते.

चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे ठेवायचे, त्यातून बदलता विद्युतप्रवाह सोडायचा आणि वेटोळे हलू लागले की त्याला जोडलेल्या पडद्याने हवा हलवायची, ही कल्पना फार जुनी आहे. जर्मनीतील वेर्नर सीमेन्स यांनी चुंबकाच्या फटीत हलणाऱ्या वेटोळ्याचे पेटंट १८७४ मध्ये, म्हणजे बेलच्या टेलिफोनच्याही आधी घेतले होते. इंग्लंडमध्ये ऑलिव्हर लॉज यांनी १८९८ मध्ये तेच तत्त्व टेलिफोनचा आवाज मोठा करण्यासाठी वापरले. दोन्ही वेळा पुढे काही घडले नाही. कारण साधे होते. वेटोळे हलवायला जोर लागतो आणि तो जोर पुरवणारे यंत्र, म्हणजे अॅम्प्लिफायर, तेव्हा नव्हतेच. टेलिफोनच्या तारेतून येणारी वीज इतकी क्षीण की कानाला लावलेला पातळ लोखंडी पडदा थरथरवण्यापुरतीच ती उपयोगाची.

अमेरिकेत पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडॅम या जोडीने या वेटोळ्याला एक लांब कर्णा जोडला आणि १९१५ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोमध्ये प्रचंड जमावासमोर तो वाजवून दाखवला. १९१९ च्या सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी सॅन दिएगोच्या मैदानात याच यंत्रातून पन्नास हजारांच्या आसपास लोकांपुढे भाषण केले. त्या वेळचे अॅम्प्लिफायर आजच्या मानाने अगदी दुबळे होते. मग एवढे मोठे मैदान त्यांनी कसे व्यापले? उत्तर कर्ण्यात आहे.

जड पडद्याने हलकी हवा ढकलणे हे क्रिकेटच्या बॅटने पिंगपाँगचा चेंडू मारण्यासारखे आहे. बॅटची जवळजवळ सगळी ऊर्जा बॅटमध्येच राहते. कर्ण्याचे तोंड अरुंद आणि शेवट रुंद असतो. अरुंद तोंडाशी हवा कोंडलेली असल्यामुळे पडद्याला ती 'जड' लागते आणि तिच्याकडे ऊर्जा नीट सोपवली जाते. १९२६ मध्ये बोलपटगृहांसाठी बनवलेला वेस्टर्न इलेक्ट्रिकचा ५५५ क्रमांकाचा कर्णा-स्पीकर दिलेल्या विजेपैकी पंचवीस टक्क्यांहून अधिक ऊर्जा आवाजात बदलत असे. आपल्याकडे लग्नात, जत्रेत आणि निवडणुकीच्या जीपवर जो कर्णा दिसतो (गावाकडे त्याला भोंगा म्हणतात), तो याच घराण्यातला. मोटारीच्या एका बॅटरीवर तो अख्ख्या गावाला जागे करतो, ते याच गुणामुळे. त्यात खर्जाचे स्वर नसतात, तबल्याचा डग्गा हरवतो, हा भाग वेगळा. खर्जासाठी कर्णा काही मीटर लांब लागतो आणि तो जीपवर मावत नाही.

घरातली अडचणही तीच होती. १९२० च्या दशकातले रेडिओ बॅटऱ्यांवर चालत. व्हॉल्व्हची तार तापवायला एक बॅटरी आणि दाबासाठी नव्वद व्होल्टच्या आसपासची दुसरी. बाहेर मिळणारी शक्ती मिलिवॅटमध्ये मोजण्याइतकी. इयरफोन चिनीमातीच्या वाडग्यात ठेवून घरच्यांनी भोवती बसून ऐकायचे, असाही उपाय लोक करत. आपल्या शाळेत मोबाइल स्टीलच्या पेल्यात ठेवून पाहा, शंभर वर्षांपूर्वीचा तोच उपाय चालतो.

आज आपल्या ओळखीचा असलेला कागदी शंकूचा स्पीकर १९२५ मध्ये जन्मला. जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी त्या वर्षी आपला शोधनिबंध मांडला. वेटोळे आणि चुंबक जुनेच होते. मग नवे काय? तर शंकू कसा बांधायचा याचे गणित. आणि हे गणित आठवी-नववीच्या पुस्तकातले आहे.

दूरवर ऐकू येणारा ध्वनिदाब हा पडद्याच्या त्वरणावर आणि त्याच्या क्षेत्रफळावर अवलंबून असतो. (पडद्याचा आकार तरंगलांबीपेक्षा लहान असला पाहिजे, ही अट ध्यानात ठेवावी.) आता न्यूटनचा दुसरा नियम घ्या. बल बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण. वेटोळ्यावरचे बल विद्युतप्रवाहाच्या प्रमाणात असते. म्हणून शंकूला नुसते वस्तुमानच असेल, त्याला धरून ठेवणारी स्प्रिंग नसेल, तर समान प्रवाहाला समान त्वरण, म्हणजे प्रत्येक वारंवारतेला समान आवाज! कर्णा नसतानाही स्वर खरे उमटणार. प्रत्यक्षात शंकूला कडेने कोठे तरी बांधावेच लागते आणि ते बांधणे स्प्रिंगसारखे वागते. झोक्याला जशी स्वतःची एक लय असते, तशी शंकूलाही असते. तिला आपण अनुनादी वारंवारता म्हणतो. राइस आणि केलॉग यांनी शंकू इतक्या सैल कडेवर टांगला की ही वारंवारता संगीताच्या खालच्या टोकाशी गेली. त्याच्या वर शंकू केवळ वस्तुमानासारखा वागू लागला.

त्यांची दुसरी गोष्ट म्हणजे शंकूभोवतीची फळी. शंकू पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. फळी नसेल तर समोरची हवा वळसा घालून मागे जाते आणि खालचे स्वर नाहीसे होतात. हे वर्गात दोन मिनिटांत दाखवता येते. उघडा स्पीकर हातात धरून गाणे लावा. मग पुठ्ठ्याला स्पीकरच्या मापाचे भोक पाडून तो त्यावर टेकवा. ढोलक एकदम 'आत येतो'. मुले हमखास पुठ्ठ्यामागे काय लपवले आहे ते बघायला धावतात.

या नव्या रचनेची किंमत काय मोजावी लागली? कार्यक्षमता. कर्ण्याचे पंचवीस टक्के गेले आणि एखादा टक्का उरला. म्हणूनच राइस आणि केलॉग यांना स्पीकरसोबत सुमारे एक वॅटचा अॅम्प्लिफायरही बांधावा लागला. रेडिओला १०४ या नावाने हा जोड बाजारात आला, तेव्हा त्याची किंमत अडीचशे डॉलर होती. मात्र उरलेला तो एक टक्का पुढची तीस वर्षे सर्वांनी जिवापाड जपला. वॅट महाग होते. व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर, बॅटऱ्या, सगळे वॅटच्या हिशेबाने वाढे. म्हणून शंकू पातळ, हलक्या कागदाचा. कड त्याच कागदाला चुण्या घालून केलेली. आणि आकार जमेल तेवढा मोठा. त्वरण म्हणजे बल भागिले वस्तुमान. बल वाढवणे महाग पडते, तर वस्तुमान कमी करा.

बल वाढवण्याचीही एक वेगळी गोष्ट आहे. सुरुवातीचे चुंबक हे विद्युतचुंबक असत, कारण पुरेसे प्रबळ कायमचे चुंबक मिळत नव्हते. विजेवरच्या रेडिओत ते चालून जाई. पण जिथे वीज बॅटरीतून यायची, तिथे नुसता चुंबक जागा ठेवण्यासाठी काही वॅट जाळणे कोणाला परवडणार? जपानमध्ये तोकुशिची मिशिमा यांनी १९३१ मध्ये लोखंड, निकेल आणि अॅल्युमिनियम यांचा प्रबळ चुंबकी मिश्रधातू शोधला. त्यातून पुढे अल्निको आले आणि बॅटरीचा रेडिओ या ओझ्यातून सुटला. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला फिलिप्सच्या संशोधकांनी बेरियम फेराइटचे चुंबक आणले. भाजलेल्या मातीच्या भांड्यासारखा काळा, ठिसूळ आणि अतिशय स्वस्त असा हा पदार्थ. १९७८ मध्ये आफ्रिकेतल्या झाईरमधील लढाईमुळे कोबाल्टचे भाव कडाडले आणि अल्निकोची सद्दी स्पीकरमधून जवळजवळ संपली. जुन्या स्पीकरच्या मागे चांदीच्या रंगाचा छोटा ठोकळा असेल तर तो बहुधा अल्निको, काळी जाड चकती असेल तर फेराइट. बाईंच्या रेडिओत काळी चकती होती.

१९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने मराठी भाषक जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोता मंडळे चालवली. संध्याकाळी मंडळी एका रेडिओभोवती बसत, कार्यक्रम ऐकत आणि मग त्यावर चर्चा करत. एका मंडळात जास्तीत जास्त वीस जण. मला त्या प्रयोगात रस आहे तो एका क्षुल्लक कारणासाठी. एक वॅटच्या आतबाहेरचा आवाज चावडीवरच्या वीस माणसांना पुरायचा, तर त्या पेटीतला स्पीकर आळशी असून चालले नसते.

याच सुमारास अमेरिकेत वारे फिरत होते. १९५४ मध्ये एडगर व्हिलचर यांनी केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथे हेन्री क्लॉस यांच्यासोबत एक कंपनी काढली आणि पुस्तकांच्या फडताळात मावेल एवढ्या पेटीतून खोल खर्ज काढून दाखवला. त्यापूर्वी तशा खर्जासाठी कपाटाएवढी पेटी लागे. छोट्या बंद पेटीतली हवा स्वतःच ताठ स्प्रिंग होते आणि अनुनादी वारंवारता वर ढकलते. ती पुन्हा खाली आणायची तर शंकू जड करायचा. व्हिलचर यांनी तेच केले. आता न्यूटनकडे परत या. वस्तुमान दुप्पट तर त्वरण निम्मे, ध्वनिदाब निम्मा आणि तो भरून काढायला शक्ती चौपट. व्हिलचर यांना ही किंमत ठाऊक होती. पण तोवर घराघरांत विजेवर चालणारे दहा-पंधरा वॅटचे अॅम्प्लिफायर येऊ लागले होते आणि पुढे ट्रान्झिस्टरने वॅट आणखी स्वस्त केले.

क्लॉस यांचे पुढचे भागीदार अँटन हॉफमन (विख्यात पियानोवादक योसेफ हॉफमन यांचे चिरंजीव) यांच्या नावाने एक नियम ओळखला जातो. लहान पेटी, खोल खर्ज आणि चांगली कार्यक्षमता या तिन्हींपैकी कोणत्याही दोनच मिळतात. खर्जाची मर्यादा एक सप्तक खाली न्यायची असेल तर पेटी आठपट मोठी करा किंवा शक्ती आठपट द्या. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि नंतर रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात याचे काटेकोर गणित मांडले. आज स्पीकरच्या माहितीपत्रकात जे आकडे येतात त्यांना या दोघांचीच नावे आहेत.

मी बाईंना सुचवलेला वूफर हा व्हिलचर यांचा वंशज होता. शंकूवर मातीचा पाच ग्रॅमचा गोळा चिकटवून अनुनाद किती उतरतो ते पाहिले, की हलणाऱ्या भागाचे वस्तुमान काढता येते. झोक्यावर मूल बसवण्याचाच प्रकार. जुन्याचे वस्तुमान चार ग्रॅमच्या आसपास निघाले आणि नव्याचे आठ. शिवाय जुना पाच इंची, नवा चार इंची, म्हणजे क्षेत्रफळातही मार. नव्याचा चुंबक थोडा अधिक प्रबळ होता, पण तेवढ्याने काय होते! अनुनाद मात्र जुन्याचा ११० हर्ट्झ, नव्याचा ६०. आजीच्या ओवीला ६० हर्ट्झची गरज काय? ११० हर्ट्झच्या खाली तिच्या गळ्यातून काहीच निघत नाही.

आता वर्गाचा हिशेब करून पाहू. एक वॅट दिला असता एक मीटरवर किती डेसिबल मिळतात, याला स्पीकरची संवेदनशीलता म्हणतात. ९२ डेसिबलचा स्पीकर म्हणजे साधारण एक टक्का कार्यक्षमता. ८३ चा असेल तर हजारात एक-सव्वा भाग. बाकी सगळी वीज वेटोळे तापवण्यात जाते. अर्धा वॅट म्हणजे एक वॅटपेक्षा तीन डेसिबल कमी. बोलण्यागाण्यात अधूनमधून उसळणारे स्वर फाटू नयेत म्हणून सरासरी पातळी बारा डेसिबल खाली ठेवावी लागते. ९२ मधून पंधरा वजा, उरले ७७. सहा मीटरवरच्या शेवटच्या ओळीपर्यंत आणखी पंधरा गेले असे धरले तर ६२. समोर उभे राहून बोलणाऱ्या माणसाइतका हा आवाज झाला. तेच गणित ८३ पासून केले तर ५३ उरतात आणि चाळीस मुलांच्या चुळबुळीत ते बुडतात. खोलीच्या भिंती थोडी मदत करतात, दोघांनाही सारखीच.

सेलचा हिशेब जरा फसवा आहे. शक्ती एक अष्टमांश लागली तर सेल आठपट टिकतील, असे मलाही क्षणभर वाटले होते. पण एलएम ३८६ सारख्या चिपमध्ये सेलमधून जाणारा सरासरी प्रवाह शक्तीच्या नव्हे, तर तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. आठ ओहमला अर्धा वॅट द्यायला सुमारे ११३ मिलिअँपिअर लागतात, त्याच्या आठव्या भागाला ४० च्या आसपास. म्हणजे जवळजवळ तिप्पट आयुष्य. आजच्या डी-वर्गाच्या चिप प्रवाह शक्तीच्या प्रमाणात घेतात. तिथे बचत जास्त होते आणि चांगल्या स्पीकरचे चीज होते.

बाजारात किंवा भंगारवाल्याकडे गेल्यावर पाहायचे काय? माझ्या मते आधी आकार. पेटी मोठी चालत असेल तर सहा इंची किंवा जुन्या टीव्हीतला लंबगोल स्पीकर उत्तम. मग शंकू. कागद पातळ हवा, कडही कागदाचीच, जाड रबराची नको. बोटांनी अलगद सारखे दाबून पाहावे. वेटोळे घासत असेल तर खरखर जाणवते, तो घेऊ नये. खिशात दीड व्होल्टचा एक सेल ठेवावा. टोकांना क्षणभर टेकवला की जिवंत स्पीकर 'टक्' करतो आणि ज्याचा टक् मोठा तो बहुधा आपल्या कामाचा. मल्टिमीटरने आठ ओहमच्या स्पीकरचा रोध सहा-सात ओहम दिसतो, त्यात दोष नाही. चार ओहमचा घेतला तर चिपकडून दुप्पट प्रवाह मागितला जातो. चिप तापते आणि सेल दमतात. नऊ व्होल्टची चौकोनी छोटी बॅटरी तर या कामाला घेऊच नये. तिचा अंतर्गत रोध जास्त आणि साठा पेन्सिल सेलच्या तुलनेत अगदी थोडा.

हाताच्या पंजात मावणारे आजचे ब्लूटूथ स्पीकर या सगळ्याला अपवाद वाटतात. ते हॉफमनचा नियम मोडत नाहीत. त्यांनी कार्यक्षमता सोडून दिली आहे आणि ती उणीव लिथियम सेल, निओडिमियमचे चुंबक व डी-वर्गाची चिप यांनी भरून काढली आहे. ज्यांच्याकडे रोज चार्जिंगची सोय आहे त्यांनी खुशाल वापरावेत.

बाईंचा जुना स्पीकर आता दीड फूट चौरस प्लायवूडच्या फळीवर बसवला आहे. फाटायला आलेल्या कडेला मुलांनी टिश्यू पेपर आणि पातळ केलेल्या फेव्हिकॉलची पट्टी लावली. थर जाड होऊ नये, म्हणजे वस्तुमान वाढू नये, एवढे मी फोनवर बजावले होते. सेलचा पहिला संच दिवाळीपासून होळीपर्यंत पुरला. नवा वूफर माझ्या टेबलावर आहे. त्याचे पैसे मी बाईंना दिले, पण त्या घ्यायला तयार नव्हत्या. शेवटी त्या पैशांचे पेन्सिल सेल घेऊन पाठवले.